यूजेबिलिटी टेस्ट पहिल्यांदाच घ्यायची आहे: माणसं किती, कामं कोणती आणि कुणी अडकलं तर काय करायचं?

रिकामी_स्क्रीन

नमस्कार मंडळी,

हॉस्पिटलच्या ओपीडीची वेळ घेण्यासाठी आम्ही एक मोबाइल अ‍ॅप करतोय. टीम छोटी आहे: दोन डेव्हलपर, एक प्रॉडक्ट मॅनेजर आणि डिझाइन बघणारा मी एकटा. फिग्मा या डिझाइनच्या टूलमध्ये प्रोटोटाइप (टॅप करून बघता येणारा नमुना) तयार आहे, कोड अजून सुरू व्हायचाय. मॅनेजर म्हणाले, "कोडिंगच्या आधी पाच यूजर्सवर टेस्ट उरकून घे. पाच पुरतात." उरकायला माझी हरकत नाही, पण यूजरला काम देऊन तो कुठे अडतो ते बघायची अशी एकही टेस्ट मी आजवर घेतलेली नाही. दुसऱ्यांच्या टेस्टचे रिपोर्ट तेवढे वाचलेत.

सध्याचा बेत असा: ऑफिसातल्याच दुसऱ्या टीममधले पाचजण, प्रत्येकी अर्धा तास. मी शेजारी बसणार, स्क्रीन रेकॉर्ड होणार. यूजरला द्यायच्या कामांची यादी केलीय:

१. 'नवीन अपॉइंटमेंट'वर जाऊन त्वचारोग विभागातल्या डॉक्टरांची वेळ घ्या.
२. घेतलेली वेळ रद्द करून पुढच्या आठवड्यातली घ्या.
३. 'प्रोफाइल'मध्ये जाऊन कुटुंबातली एक व्यक्ती जोडा.
४. फिल्टर वापरून संध्याकाळच्या वेळा शोधा.
५. होम स्क्रीन कशी वाटली ते सांगा.

पाच माणसं खरंच पुरतात का? यादी बरी आहे का? एखादा मध्येच अडकला तर सांगायचं की बघत बसायचं? आणि सगळ्यात अवघड: आमचा एक डेव्हलपर आत्ताच म्हणतोय की पाचजणांच्या बोलण्यावर तो स्क्रीन बदलणार नाही, आकडे आणा. त्याला काय देऊ?

---

आकडेमोड

पाचाचा आकडा कुठून आला ते आधी सांगतो, म्हणजे मॅनेजरांशी बोलताना उपयोगी पडेल.

याकोब निल्सन आणि टॉमस लँडॉवर या संशोधकांनी १९९३ साली एक गणिती मॉडेल मांडलं. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांमध्ये एखादी अडचण एका यूजरकडून उघड होण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के निघाली. पहिल्या यूजरनंतर ६९ टक्के अडचणी लपलेल्या राहतात, दुसऱ्यानंतर त्या ६९चे ६९ टक्के, असं करत पाचव्यानंतर साधारण १५-१६ टक्के उरतात. 'पाचजणांत ८५ टक्के' म्हणतात ते हेच. निल्सनने २००० साली एका लेखातून ते लोकप्रिय केलं. त्याच लेखात असंही म्हटलंय की पंधराजणांपुरते पैसे असतील तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मधल्या काळात डिझाइन सुधारा. हा भाग मात्र कुणी मॅनेजर सांगत नाही.

आता गोम बघा. ३१ ही सरासरी आहे. निम्म्या लोकांना नडणारी अडचण पाचजणांत किमान एकदा दिसण्याची शक्यता ९७ टक्के. दहातल्या एकालाच नडणारी असेल तर हीच शक्यता ४१ टक्क्यांवर येते. ठळक अडचणी पाचजणांत सापडतात, बारीक सापडतीलच असं नाही. २००१ साली जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी खरेदीच्या वेबसाइट तपासल्या, तेव्हा पहिल्या पाचजणांकडून ३५ टक्केच अडचणी हाती लागल्या होत्या. लॉरा फॉकनर यांनी २००३ साली साठजणांची टेस्ट घेतली आणि त्यातून पाच-पाचचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढून पाहिले. सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपासच आली, पण एखादा गट जवळजवळ सगळ्या अडचणी पकडत होता आणि एखादा ५५ टक्क्यांवरच अडकत होता. तुमचे पाच कुठल्या गटातले, हे आधी कळायला मार्ग नाही.

म्हणून पाच घ्या, दुरुस्त करा, परत पाच घ्या. स्वतःसाठी वेळ घेणारे आणि घरच्यांसाठी घेणारे असे दोन स्पष्ट गट असतील तर दोन्हींतून तीन-चारजण तरी हवेत.

---

तिसरीखुर्ची

तुमची यादी वाचली. माणसं किती यापेक्षा मला तिचीच काळजी जास्त वाटते.

रोल्फ मोलिक या यूजेबिलिटीतल्या तज्ज्ञांनी एकच प्रॉडक्ट बऱ्याच टीम्सना स्वतंत्रपणे तपासायला देऊन निकाल शेजारी-शेजारी मांडण्याचे प्रयोग केले. त्यातल्या एकात नऊ टीम्सनी हॉटमेल ही ईमेल सेवा तपासली. सगळ्यांच्या मिळून ३१० वेगवेगळ्या अडचणी निघाल्या, आणि त्यातल्या सुमारे ७५ टक्के फक्त एकेका टीमलाच दिसलेल्या होत्या. नऊही टीम्सना सापडली अशी एकही नव्हती. प्रॉडक्ट तेच, पण दिलेली कामं वेगळी, बोलावलेली माणसं वेगळी, विचारणारे वेगळे. ज्या रस्त्याने तुम्ही यूजरला पाठवतच नाही, त्या रस्त्यावरचा खड्डा रिपोर्टात येणार कसा?

आता एकेक काम घेऊ.

पहिलं. 'नवीन अपॉइंटमेंट' हे बटणावरचं नाव तुम्ही कामातच लिहून दिलंत. यूजर आता डॉक्टर शोधणार नाही, ती दोन शब्दांची पाटी शोधणार, आणि ती त्याला मिळणारच. 'त्वचारोग विभाग'ही तसंच. अंगावर पुरळ उठलेल्या माणसाच्या डोक्यात 'पुरळ' असतं. ते कुठल्या विभागात दाखवायचं हे तुमच्या विभागांच्या यादीवरून त्याला कळतं का, हाच या अ‍ॅपचा मोठा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही प्रश्नपत्रिकेतच छापलंय.

दुसरं. 'रद्द करा आणि नवी घ्या' हा तुमच्या मनातला क्रम झाला. यूजर 'वेळ बदला' असं काहीतरी शोधेल, सरळ हॉस्पिटलला फोन लावेल किंवा जुनी तशीच ठेवून दुसरी घेऊन मोकळा होईल. तिसरा प्रकार घडला तर डॉक्टरांची एक वेळ फुकट जाते, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाचंच नुकसान. हे बघायचं असेल तर 'रद्द' हा शब्द तुमच्या तोंडून जाता कामा नये. मी असं लिहीन: "ठरलेल्या दिवशी तुम्हाला अचानक बाहेर जावं लागतंय. पुढच्या आठवड्यात तुम्ही मोकळे आहात." बस. पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू दे.

तिसरं काम असं सुटं कुणी करत नाही. कुटुंबातली व्यक्ती जोडायची म्हणून कुणी अ‍ॅप उघडत नाही. आईसाठी वेळ घेताना मध्येच ती गरज उभी राहते. फिल्टरचंही तेच. आणि पाचवं हे कामच नाही, तो अभिप्राय आहे. समोर बसलेल्या, चांगलं वागणाऱ्या माणसाला लोक "छान आहे" असंच सांगतात.

त्यामुळे पहिलं, तिसरं आणि चौथं मिळून एकच करा:

"तुमच्या आईच्या हातावर आठवडाभर पुरळ आहे. तिला डॉक्टरांना दाखवायचंय आणि बरोबर तुम्ही जाणार आहात. तुम्हाला गुरुवारी किंवा शुक्रवारी, दुपारी चारनंतरच जमेल. या अ‍ॅपवरून काय ते ठरवा."

यात तुमच्या स्क्रीनवरचं एकही लेबल नाही. विभाग, दुसऱ्याच्या नावाने वेळ, संध्याकाळचा फिल्टर, सगळं त्यात आपसूक येतं. फिल्टर कुणी वापरलाच नाही, नुसतं खाली सरकवत वेळ शोधली, तरी तुम्हाला काहीतरी कळलं.

काम लिहून झालं की त्याखाली, यूजरला दिसणार नाही अशा बेताने, 'झालं' कधी म्हणायचं ते लिहून ठेवा. इथे चार गोष्टी: आईच्या नावावर, त्वचारोग विभागात, सांगितलेल्या दिवशी चारनंतर, आणि वेळ पक्की झाल्याचं यूजरला शेवटच्या स्क्रीनवरून समजलं. चारातलं एक राहिलं तरी काम झालेलं नाही.

हे आधी लिहायचं कारण आहे. अशा अ‍ॅपमध्ये सगळ्यात घातक यूजर तो, जो न अडखळता, पटापट, स्वतःच्याच नावावर वेळ घेतो आणि खुशीत "झालं" म्हणून फोन खाली ठेवतो. कुरकुर नाही, गोंधळ नाही. निकष लिहिलेला नसेल तर त्याला तुम्ही यशस्वी म्हणून मोजाल. खऱ्या आयुष्यात तोच आईला घेऊन काउंटरवर उभा राहील आणि केसपेपर भलत्याच नावाचा निघेल. तेव्हा त्याला लगेच दुरुस्त करू नका. शेवटच्या स्क्रीनवर थांबवून साध्या आवाजात विचारा: "या स्क्रीनवर काय काय लिहिलंय, सांगाल?" तिथे त्याला स्वतःचं नाव दिसतं का आणि दिसल्यावर तो काय करतो, हे फार मोलाचं असतं.

प्रोटोटाइपबद्दल. फिग्मामध्ये भलत्या जागी टॅप केलं की जिथे टॅप चालतं त्या जागा निळ्या चमकतात. ते सेटिंगमधून आधी बंद करा. नाहीतर दोन चुकलेल्या टॅपनंतर यूजर वाचणं सोडतो आणि चमकलेल्या जागी बोट ठेवत पुढे जातो. आणि एकच बरोबर रस्ता जोडून ठेवू नका. बाकीच्या विभागांवर टॅप केल्यावर निदान 'हा भाग अजून तयार नाही' एवढी स्क्रीन तरी येऊ दे. यूजरने 'त्वचारोग' सोडून 'जनरल मेडिसिन' दाबलं, हे कळण्यासाठी पुढच्या स्क्रीन लागत नाहीत.

अडकल्यावर काय करायचं? गप्प बसायचं. शांतता तुम्हाला जेवढी लांब वाटते तेवढी ती नसते. बऱ्याचदा माणूस वाचत असतो. फारच लांबली तर "आत्ता मनात काय चाललंय?" एवढंच विचारा. बोलत-बोलत काम करायला लावण्याच्या या पद्धतीमागे अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांचं १९८०च्या दशकातलं काम आहे. त्यांचा आग्रह असा की नुसतं "बोलत राहा" म्हणा, कारणं विचारू नका. 'का?' विचारलं की माणूस कारण तयार करून देतो, आणि त्या नादात त्याची पुढची वागणूकही बदलते. कारणं हवीच असतील तर काम संपल्यावर विचारा.

"हे दाबू का?" असं विचारलं तर "मी इथे नसतो तर काय केलं असतंत?" असा प्रश्न परत द्या. "फोन करून विचारलं असतं" असं उत्तर आलं तर काम तिथेच थांबवा. तेच तुमचं निरीक्षण. नोंदवहीत प्रत्येक कामापुढे तीनच शेरे ठेवा: स्वतः केलं, मदतीने केलं, झालं नाही. आणि माणूस बोलत-बोलत काम करत असेल तर घड्याळ लावू नका, त्या मिनिटांना काही अर्थ नसतो.

राहिली माणसं. ऑफिसातली नकोत. त्यांना तुमच्या कंपनीचे शब्द माहीत असतात आणि तुम्हाला दुखवायचं नसतं. निवडताना "तुम्ही अ‍ॅपवरून अपॉइंटमेंट घेता का?" असं विचारलंत तर यायची इच्छा असलेला प्रत्येकजण हो म्हणेल. "डॉक्टरांना शेवटचं दाखवलं तेव्हा वेळ कशी ठरवली होती?" असं विचारा. उत्तरावरून कळतं. एखाद-दुसरा ऐनवेळी येत नाही, म्हणून एक माणूस राखीव ठेवा. अर्धा तास अपुरा पडेल, पाऊण तास धरा, आणि दोन सेशनच्या मध्ये अर्धा तास मोकळा सोडा. एका दिवसात चारच्या वर घेतलेत तर शेवटच्या माणसाचं बोलणं कानावर पडेल, डोक्यात शिरणार नाही.

---

रिकामी_स्क्रीन

ताई, यादीचा पार निकाल लावलात, पण पटलं. आईचं काम जसंच्या तसं उचलतोय.

अजून दोन शंका. मॅनेजर आणि दोन्ही डेव्हलपर "आम्हीही खोलीत बसतो" म्हणताहेत. बसू द्यायचं? आणि समजा पहिल्या दोघांना एकाच जागी ठेच लागली, तर उरलेल्या तिघांनाही तेच दाखवत राहायचं का? मला ते वाया घालवल्यासारखं वाटतं.

---

सेमीकोलन

पहिल्या शंकेवर डेव्हलपरच्या बाजूने बोलतो, कारण मी तोच आहे.

'यूजर्सना कॅलेंडर गोंधळात टाकणारं वाटलं' या वाक्यावर मीही कोड बदलत नाही. कुठल्या यूजरला? काय दाबलं? काय होईल असं वाटलं होतं, आणि झालं काय? एवढं लिहून आणा, बगसारखं. मी तो बगसारखाच घेतो.

पण लिहिलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त काम करतं. एका प्रोजेक्टमध्ये तारीख निवडायच्या स्क्रीनवर महिना बदलायला दोन छोटे बाण होते. माझेच बाण, आणि मला ते पुरेसे ठळक वाटत होते. शेजारच्या खोलीतून बघत होतो. एक बाई महिन्याच्या नावावर टॅप करत राहिल्या. त्यांच्यानंतरचे गृहस्थही नावावरच. तिसऱ्याने बोटाने कॅलेंडर डावीकडे ओढायचा प्रयत्न केला. बाणांकडे तिघांपैकी कुणी बघितलंसुद्धा नाही. रिपोर्ट यायच्या आधीच मी नावावरचा टॅप आणि ओढणं दोन्ही चालू करून टाकलं. त्याआधी याच बाणांवरून डिझाइनरशी माझा चांगला लांब वाद झाला होता.

तुमच्या डेव्हलपरला निदान दोन सेशनला बसवा. एकाच सेशनला बसवलंत तर तो म्हणेल, "हा माणूसच तसा होता."

---

तिसरीखुर्ची

सेमीकोलन यांच्याशी सहमत, फक्त खोलीत नको. चारजणांनी घेरलेला माणूस परीक्षेला बसल्यासारखा वागतो. खोलीत तुम्ही आणि नोंदी घेणारा एकजण. बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर बघावं, माइक आणि कॅमेरा बंद. त्यांना काही विचारायचं असेल तर नोंदी घेणाऱ्याला मेसेज करावा; तो प्रश्न शेवटी, तुमच्या शब्दांत विचारला जाईल. मॅनेजरना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सेशनच्या मध्येच दार उघडून "अहो, वर उजवीकडे बघा ना" म्हणणारे मी पाहिलेत.

बघणाऱ्यांच्या हातात कागद द्या आणि अट घाला: दिसलं ते लिहायचं, उपाय लिहायचा नाही. 'बटण मोठं करा' हा उपाय झाला. 'बटण दिसत असताना दोनदा खाली सरकवलं' हे निरीक्षण. प्रत्येक सेशन संपला की दहा मिनिटं एकत्र बसून ज्याने-त्याने तीन ठळक गोष्टी वाचून दाखवायच्या. संध्याकाळपर्यंत थांबलात तर सगळ्या यूजरांची आठवणीत खिचडी होते.

दुसरी शंका. मधल्यामध्ये बदलायला काहीच हरकत नाही, आणि त्या पद्धतीला नावही आहे: राइट (RITE). मायक्रोसॉफ्टमधल्या मंडळींनी २००२ साली ती लिहून काढली, उदाहरण होतं एज ऑफ एम्पायर्स २ या गेमच्या शिकवणीच्या भागाचं. अडचण स्पष्ट आहे, कारणही स्पष्ट आहे आणि दुरुस्ती लगेच करता येते, असं असेल तर पुढच्या यूजरच्या आधी दुरुस्त करून टाकायचं. पुढचे यूजर मग ती दुरुस्ती तपासतात. कारणाबद्दल दोघांची दोन मतं असतील तर मात्र हात लावू नका, आणखी एकदा बघा. मधे बदललंत तर कुणाला कुठली आवृत्ती दाखवली ते नोंदीत असू दे.

---

आकडेमोड

डेव्हलपरला आकडे द्यायचा मोह होईल म्हणून एक इशारा. पाचातल्या चारजणांनी काम पूर्ण केलं तर रिपोर्टात '८० टक्के यश' असं लिहू नका. त्या चारवरून सगळ्या यूजरांबद्दल अंदाज बांधायला गेलात तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा आकडा साधारण ३६ ते ९८ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. एवढ्या रुंद पट्ट्यावर कुणाचं समाधान होणार? 'पाचपैकी चार' असंच लिहा आणि पाचव्याचं नेमकं काय झालं ते सांगा.

जुन्या आणि नव्या डिझाइनची तुलना, यशाचं प्रमाण, लागलेला वेळ, हे हवं असेल तर ती वेगळी टेस्ट. तिथे माणसं बरीच जास्त लागतात, सगळ्यांना हुबेहूब तीच कामं द्यावी लागतात, आणि मधे डिझाइन बदलता येत नाही, बोलायलाही लावता येत नाही. तुमच्या आत्ताच्या टप्प्यावर त्याची गरज नाही.

एसयूएस (सिस्टिम यूजेबिलिटी स्केल) ही दहा विधानांची प्रश्नावली कुणीतरी सुचवेलच; प्रत्येक विधानाला यूजर १ ते ५ असं उत्तर देतो. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली, अजूनही सर्रास वापरली जाते. गुणांकन थोडं विचित्र आहे: विषम क्रमांकाच्या विधानांत उत्तरातून एक वजा, सम क्रमांकाच्या विधानांत पाचातून उत्तर वजा, सगळ्याची बेरीज करून अडीचने गुणायचं. शून्य ते शंभरमध्ये आकडा येतो, पण ते टक्के नव्हेत. सरासरी ६८च्या आसपास असते, म्हणजे ६५ मिळाले तर 'फर्स्ट क्लास' समजून पेढे वाटू नका. पाचजणांच्या सरासरीवर तर अजिबातच नाही.

---

कानोसा

मी स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो, आणि अशा टेस्टमध्ये यूजर म्हणून बरेचदा बसलोय. हॉस्पिटलचं अ‍ॅप आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

आमच्यासारख्यांना या फेरीत बोलावू नका, प्रोटोटाइपवर आम्हाला बसवून उपयोग नाही. चित्र म्हणून काढलेल्या बटणाला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (फोनमधले स्क्रीन रीडर) काय म्हणणार? ते कोडमध्ये ठरतं. तेव्हा पहिला चालता बिल्ड (खरोखर चालणारं अ‍ॅप) झाला की लगेच बोलवा, सगळं पूर्ण होईपर्यंत थांबू नका. वेळांचे चौकोन, रंगावरून 'भरलेली' आणि 'रिकामी' दाखवणं, कॅलेंडर, ओटीपीची चौकट आणि तिची मिनिटं: आमची गाडी नेमकी इथेच अडते, आणि या गोष्टी शेवटी बदलायला महाग पडतात.

बोलत-बोलत काम करा असं आम्हाला सांगू नका. फोन कानात बोलत असतो, तोही तुम्हाला एक शब्द कळणार नाही अशा वेगाने. त्यावर मी बोललो तर मलाच ऐकू येत नाही. आधी काम करू द्या, मग रेकॉर्डिंग लावून टप्प्याटप्प्याने विचारा.

फोन आमचा आम्हाला आणू द्या. वेग, आवाज, हातवारे सगळं बसवलेलं असतं. तुमच्या फोनवर मी नवशिका होतो, आणि मग तुम्ही अ‍ॅप न तपासता माझी धडपड तपासता. वेळ दीडपट धरा.

हे मात्र प्रोटोटाइपवरही करता येईल: फोनचा फाँट सगळ्यात मोठा ठेवणारा एखादा माणूस पाचात घ्या. फिग्मामध्ये अक्षरं मोठी होणार नाहीत, पण त्याचा स्वतःचा फोन त्याच्या हातात देऊन रोजची एक-दोन अ‍ॅप दाखवायला सांगा. मोठ्या अक्षरांत कुठलं बटण स्क्रीनबाहेर जातं आणि तो काय युक्त्या करतो ते दिसेल. वेबच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अक्षरं २०० टक्के मोठी केल्यावरही मजकूर आणि सोयी शाबूत राहाव्यात असं म्हटलंय. तुमच्या वेळांच्या चौकोनात '०४:३०' दुप्पट मोठं करून एकदा बसवून बघा.

---

रिकामी_स्क्रीन

कानोसा, वेळांचे चौकोन दुप्पट करून बघितले. ओळीत चार होते, दोनच मावतात, आणि 'पुढे' बटण खाली गायब होतं. टेस्टच्या आधीच एक गोष्ट मिळाली. आमच्याकडे भरलेल्या वेळा फक्त करड्या रंगाने दाखवल्यात, तेही बदलतो.

बाहेरची माणसं मिळवायला सुरुवात केलीय. आता शेवटचं विचारतो. पायलटसाठी, म्हणजे आधीच्या रंगीत तालमीसाठी, ऑफिसातला माणूस चालेल ना? आणि आजारपणाचा विषय आहे, तर रेकॉर्डिंगचं काय? मॅनेजर म्हणतात, फॉर्मवर सही घेतली की झालं.

---

तिसरीखुर्ची

पायलटला ऑफिसातला माणूस बेलाशक चालेल, कारण तिथे तुम्ही अ‍ॅप तपासत नसता, स्वतःची तयारी तपासत असता. काम वाचून त्याला तेच समजलं का जे तुम्हाला म्हणायचं होतं? पाऊण तासात बसतं का? रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो का? प्रोटोटाइप परत पहिल्या स्क्रीनवर आणायला किती वेळ लागतो? या माणसाच्या नोंदी निकालात धरायच्या नाहीत. पायलट पहिल्या सेशनच्या आदल्या दिवशी घ्या, त्याच सकाळी नको. काम नव्याने लिहावं लागलं तर वेळ हवा.

सही घ्याच, पण माणूस दारातून आत येताच कागद पुढे सरकवू नका. आधी तोंडाने सांगा: काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, कधी पुसणार, आणि मध्येच उठून गेलात तरी ठरलेलं मानधन मिळेल. दुसऱ्या खोलीतून लोक बघताहेत हेही सांगायचं. चेहरा रेकॉर्ड करायची तुम्हाला गरज नाही. स्क्रीन, बोटं आणि आवाज पुरतो.

आजारपणासाठी खोटी माहिती द्या. एका कार्डावर आईचं नाव आणि वय छापून ठेवा, फोन नंबरही खोटाच. खऱ्या आईची खरी दुखणी लोक बोलता-बोलता सांगून टाकतात, आणि मग ती तुमच्या फोल्डरमध्ये पडून राहतात. असं काही बोललं गेलं तर क्लिप डेव्हलपरला दाखवण्याआधी तेवढा भाग कापा. कार्डाचा तोटाही लक्षात असू दे: कार्डावरची रकान्यांची नावं आणि स्क्रीनवरची नावं सारखी असतील तर यूजर न वाचता जुळवत जातो. म्हणून कार्ड रकान्यांत न लिहिता वाक्यांत लिहा. 'आई मार्चमध्ये ६२ वर्षांची झाली' असं लिहिलंत तर जन्मवर्ष काढायला तो थांबतो, आणि तुमची जन्मतारखेची चौकट १९०० सालापासून सरकवायला लावते की नाही तेही तिथेच दिसतं. त्या कार्डावर जन्मतारीख नको. वयाचं वाक्य पुरेल.

सुरुवातीला "परीक्षा तुमची नाही, अ‍ॅपची आहे" हे सगळेच म्हणतात, तुम्हीही म्हणा. 'हे मी बनवलेलं नाही' असं मात्र म्हणू नका, कारण ते खरं नाही आणि पाऊण तासात कुठेतरी उघडं पडतं. जमलं तर सेशन दुसऱ्या कुणाला घेऊ द्या आणि तुम्ही नोंदी घ्या. स्वतःच्या स्क्रीनवर माणूस अडखळताना बघून चेहरा कोरा ठेवणं अवघड असतं, आणि यूजर स्क्रीनइतकाच तुमच्या चेहऱ्याकडेही बघत असतो. दुसरं कुणी नसेलच तर त्याच्या समोर न बसता बाजूला, थोडं मागे बसा.